ऑक्टोबरची खाच

४ ऑगस्ट

चि. भाचेबुवांस,

मामाचा आशीर्वाद, न मागता.

सोबत मामीचं मनगटी घड्याळ पाठवतोय. लाकडी डबी, डबीत कापूस, कापसात घड्याळ. डबी दातांनी उघडू नकोस, तुझ्या सवयी मला ठाऊक आहेत. घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडतंय. पूर्वी असलं दुखणं मी चहा गार व्हायच्या आत काढलं असतं. आता चिमटा हातात धरला की चिमटाच नाचायला लागतो. परवा एक स्क्रू उडाला, तो मामीने चष्मा लावून पायपुसण्यातून शोधून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, "आता पुरे." इतक्या वर्षांत तिने माझ्या कामात कधी तोंड घातलं नव्हतं, म्हणून ऐकलं.

काम एवढंच. मूळ यंत्र खोल, साफ कर, तेल दे, परत बसव. तबकडीखाली कॅलेंडरची प्लेट आहे, ती मी स्वतः केलेली, हे तुला माहीतच आहे. ती अख्खी उचलायची, बाजूला ठेवायची आणि अख्खी परत बसवायची. तिचे स्क्रू सोडवायचे नाहीत. का, ते विचारायचं नाही.

आणि घड्याळ पंचवीस ऑक्टोबरच्या आत इकडे पोचलं पाहिजे. सव्वीस चालणार नाही. तुझ्याकडे कामं कशी लोळत पडतात ते मी तुझ्या आईच्या तोंडून आयुष्यभर ऐकलंय.

मामी बरी आहे. मनगटावर पट्ट्याच्या जागी पांढरा डाग राहिलाय, त्याच्याकडे बघते आणि मग मला वेळ विचारते.

मामा

१२ ऑगस्ट

ती. मामांस,

साष्टांगच घातला असता, पण कंबर धरली आहे, तेव्हा उभ्याने नमस्कार.

घड्याळ सुखरूप पोचलं. डबी चाकूने उघडली, कारण पुढचे दोन दात आता माझे राहिलेत कुठे? कापूस बाजूला केला आणि खरं सांगतो, कामाला हात लावायच्या आधी अर्धा तास नुसता बघत बसलो. दुकानाचं दार आतून लावून घेतलं. तुमच्याकडे सहा वर्षं काम शिकलो, पण हे घड्याळ कायम मामीच्या हातावर, आणि मामीचा हात कायम खडूने नाहीतर कणकेने माखलेला. जवळून कधी बघायलाच मिळालं नाही. तीस दिवसांचा महिना कोणता, एकतीसचा कोणता, फेब्रुवारी कधी एकोणतीसचा, सगळं हे एवढंसं यंत्र आपलं आपण जाणतं. विकत घेतलेल्या साध्या घड्याळावर, संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर बसून तुम्ही हे केलंत. मामा, मला तुमचा हेवा वाटला.

आमचं एक मंडळ आहे, तुम्हाला लिहिलं नव्हतं कारण तुम्ही हसला असता. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही सातआठ जण एका पुस्तकबांधणीवाल्याच्या मागच्या खोलीत जमतो आणि एकमेकांची घड्याळं बघतो. वेळ सांगण्यापलीकडे घड्याळ जे काही करतं त्याला आम्ही कॉम्प्लिकेशन म्हणतो. एक दंतवैद्य आहेत, त्यांच्या घड्याळात दोन सेकंदकाटे. बटण दाबलं की एक थांबतो, दुसरा धावत राहतो. पुन्हा दाबलं की थांबलेला झेप घेऊन दुसऱ्याला गाठतो. दंतवैद्य हे दर वेळी करून दाखवतात आणि दर वेळी स्वतःच "अहाहा" म्हणतात. पियानो जुळवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांचं घड्याळ कळ सरकवली की किती वाजले ते बारीक ठोके देऊन सांगतं. खालचा सूर जरा उतरलेला आहे म्हणतात, आणि म्हणून तर त्यांना ते प्यारं. एक नकाशे काढणारे गृहस्थ आहेत, त्यांच्या तबकडीवर चंद्र वाढतो नि घटतो. तो एकशेबावीस वर्षांनी एका दिवसाने चुकणार आहे, याची त्यांना काळजी लागली आहे. मी म्हटलं, तोवर आपण कुठे असणार? तर म्हणाले, "घड्याळ असेल ना!"

या लोकांना मामीचं घड्याळ दाखवू का?

एक शंका. तबकडीत वाराची खिडकी आहे, पण तिच्यामागे नुसता पांढरा पत्रा. प्लेटच्या कडेला वाराच्या चाकाची खुंटी दिसते, चाक मात्र नाही. एवढं सगळं केलंत आणि वार का सोडलात?

आणि एक आठवलं. ऑक्टोबर संपता संपता तुम्ही एक दिवस मामीच्या हातातलं घड्याळ काढून घ्यायचात आणि दिवसभर ते पुढ्यात ठेवून बाकावर बसून असायचात. कोणाशी बोलणं नाही, गिऱ्हाइकांना मी परत पाठवायचो. "आज मामीच्या घड्याळाला तेल" असं तुम्ही सांगितलं होतंत. मला वाटायचं, बाकीच्यांच्या घड्याळाला तेलाचा थेंब आणि बायकोच्या घड्याळाला अख्खा दिवस, याला म्हणतात संसार.

मामीला नमस्कार. तिला म्हणावं, डाग जायच्या आत घड्याळ परत येईल.

तुमचा,
भाचा

२० ऑगस्ट

चि. भाचेबुवांस,

आम्ही त्याला जादा काम म्हणायचो. जादा काम केलेलं घड्याळ जास्त बिघडतं, हे तुझ्या मंडळाला सांग. माणसांचंही तसंच आहे.

दाखवायला हरकत नाही. बाहेरून.

वारासाठी जागा पुरली नाही.

तेल देताना एक सांभाळ. तारीख चुकून पुढे ढकललीस तर ती मागे आणता येत नाही, त्या कॅलेंडराला उलटं फिरणं माहीत नाही. मग उपाय एकच. चावी बाहेर ओढून घड्याळ बंद ठेवायचं आणि जग त्या तारखेला येऊन पोचेपर्यंत वाट बघत बसायचं. ते काम फार कंटाळवाणं असतं, म्हणून सांगतोय.

पंचवीस ऑक्टोबर. खुणेला भिंतीवर लिहून ठेव.

मामा

१६ सप्टेंबर

प्रिय मामीस,

टपाल येतं तेव्हा मामा वामकुक्षीत असतात, या भरवशावर हे पाकीट तुझ्या नावाने पाठवतोय. वाचून झालं की चुलीत घाल, नाहीतर तुझ्या जुन्या वह्यांत दडव. मामांना दाखवू नकोस.

मी प्लेट उघडली. मामांनी नको म्हणून बजावलं होतं, तरी उघडली. मामी, एखाद्याला सांगावं की ही पेटी उघडू नकोस आणि पेटी त्याच्याच उशाशी ठेवावी, तसं झालं. तीन आठवडे धीर धरला. मग पहिला रविवार आला आणि सगळे भिंगं घेऊन जमले, तिथेच स्क्रू सोडवले.

सगळ्यांनी आळीपाळीने बघितलं. पियानोवाल्या बाई तर हळूच म्हणाल्या, "हे एका माणसाने केलंय?" माझी छाती फुगली. आणि तेवढ्यात दंतवैद्य वाकले, भिंग डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "इथे कीड लागलीय."

तुला नीट सांगतो. आत शर्टाच्या बटणाएवढी एक चकती असते, ती चार वर्षांत एक फेरा पुरा करते. तिच्या कडेला अठ्ठेचाळीस घरं, एकेका महिन्याला एक. एकतीसचा महिना असेल तर कड सपाट, तीसचा असेल तर छोटी खाच, फेब्रुवारीला खोल. खाचेवरून घड्याळाला कळतं की महिना कधी संपवायचा. मामांनी ऑक्टोबरला खाच पाडली आहे. चारही ऑक्टोबरना. म्हणजे या घड्याळात तीस ऑक्टोबरच्या मागोमाग एक नोव्हेंबर येतो. एकतीस येतच नाही.

मामा मुठीच्या हाडांवर महिने मोजतात, आठवतं? चढ म्हणजे एकतीस, उतार म्हणजे तीस. एका हातावरून दुसऱ्या हातावर जाताना कुठेतरी गफलत झाली असणार, आणि एकदा झाली ती चारदा झाली. त्या चार खाचांच्या कडा खरखरीत आहेत, बाकीच्या आरशासारख्या. नंतर आठवून घाईघाईने पाडल्यासारख्या. कोणीतरी म्हणालं, "उस्ताद ऑक्टोबर विसरले!" आणि सगळे हसले. वाईट हसले नाहीत गं, पण हसले. माझ्या कानशिलांना आग लागली. त्यांच्यापुढे उघडायलाच नको होती.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऑक्टोबरअखेरचा तो तेलाचा दिवस! तेल कसलं, मामांना चूक केव्हाच कळली होती. तारीख एक दिवस पुढे जायची, मागे तर आणता येत नाही, म्हणून दरवर्षी घड्याळ एक दिवस बंद ठेवून गुपचूप मेळ घालायचे. एवढा मोठा कारागीर आणि स्वतःची चूक कोणाला सांगता येत नाही, दुरुस्त करायलाही धजत नाही. म्हणून तर प्लेट उघडू नकोस म्हणाले. मामी, मला भडभडून आलं.

नऊ दिवस बसून मी नवी चकती केली. अठ्ठेचाळीस घरं, ऑक्टोबर सपाट. मामांच्याच पद्धतीने घासली, त्यांच्याच वळणाची. बाहेरून काही कळायचं नाही. या वर्षी एकतीस तारीख येईल, मामा बघतील, आणि वाटेल की घड्याळ आपोआप शहाणं झालं. काय ते मनात समजतील. म्हातारपणी त्यांना कोणी चूक दाखवायला नको. जुनी चकती मी कागदाच्या पुडीत ठेवली आहे. पुडीवर "मामांची चूक" असं लिहिलंय, आणि ते वाचून दर वेळी माया येते.

तू मात्र अजिबात कळू देऊ नकोस. तुला तरी इतक्या वर्षांत ही भानगड माहीत होती का?

तुझा,
भाचा

२४ सप्टेंबर

चि. भाच्यास,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. यांना दाखवलं नाही.

तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत, त्या पुन्हा केव्हातरी. चकतीचं वर्णन चांगलं केलं आहेस, मुलांना समजेल असं.

घड्याळ आहे तसं पाठव, नव्या चकतीसकट. त्यांना काही लिहू नकोस. जुनी चकती टाकू नकोस. पुडीवर लिहिलं आहेस ते मात्र खोड.

मामी

३ नोव्हेंबर

प्लेट उघडू नकोस असं मी लिहिलं होतं. स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं.

एकतीसला सकाळी सातला मी नेहमीसारखा मामीकडे घड्याळ मागायला गेलो. ती खिडकीशी बसली होती. मी हात पुढे केला. ती घड्याळ काढून देईना, नुसतं मनगट माझ्यापुढे धरलं. तबकडीवर एकतीस. मला वाटलं, डोळे गेले. चष्मा पुसून पाहिलं. एकतीस.

आम्हाला एक मुलगी होती. तू तेव्हा पाळण्यात होतास. पाच वर्षांची होती. तीन दिवस ताप आला आणि एकतीस ऑक्टोबरला सकाळी सातच्या सुमारास गेली. त्यानंतर घरात तिचं नाव घेतलं नाही. तुझ्या आईला मी सांगून ठेवलं होतं, तिनेही ते शेवटपर्यंत पाळलं.

दुसऱ्या वर्षी ती तारीख जवळ यायला लागली तशी मामी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे बघेना. जेवेना. हे घड्याळ तिच्यासाठीच केलं होतं, ते वर्षभर बरोबर चाललं होतं. मी चकती काढली आणि ऑक्टोबरच्या चार घरांना कानस लावली. हात थरथरत होता, तेव्हाही. कडा राहिल्या तशाच. वाराचं चाक काढून टाकलं, कारण घड्याळ दिवसभर बंद ठेवलं की वाराचा मेळ बसत नाही. मग दरवर्षी एकतीसला ती उठायच्या वेळी तबकडीवर एक तारीख असायची. सातला मी घड्याळ काढून घ्यायचो, चावी ओढायचो, दुसऱ्या दिवशी सातला परत चालू. मधला दिवस बाकावर काढायचो. ती तारीख मी तिच्या डोळ्यांपुढे येऊ दिली नाही. पंचेचाळीस वर्षं.

एकतीसला मी काय केलं ते लिहिण्यासारखं नाही. म्हाताऱ्या माणसाला शोभत नाही. तीच माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली होती. ज्याच्यापासून तिला जपलं ते तू तिच्या मनगटाला बांधून पाठवलंस.

काम चांगलं झालं असणार. तू वाईट काम करत नाहीस. पण इकडे येऊ नकोस.

मामा

९ नोव्हेंबर

ती. मामांस,

काय लिहू? चार वेळा कागद फाडला.

मला माहीत नव्हतं, हे काही कारण नाही. तुम्ही नको म्हटलं होतंत, तेवढं मला पुरायला हवं होतं. मी प्लेट चार लोकांत उघडली. खाचा बघितल्या, खरखरीत कडा बघितल्या. कानस धरायला तुम्हीच शिकवलंत, हात कधी घाईत चालतो आणि कधी थरथरतो हे कडेवरून ओळखायलाही तुम्हीच शिकवलंत, आणि मला घाई दिसली. तुमच्या हातून चूक होते असं मी समजून चाललो.

सगळं मी आपल्या मनाने केलं. मामीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्यावर कशाचा राग धरू नका.

जुनी चकती माझ्याकडे जपून आहे. तुम्ही हो म्हणा, मी उद्या निघतो, दारातच बसून बदलून देतो आणि पाणीसुद्धा न पिता परत जातो.

तुमचा,
भाचा

२८ नोव्हेंबर

चि. भाच्यास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यांनी मला वाचून दाखवलं. "मामीला ठाऊक नव्हतं" हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. माझ्यासाठी खोटं बोललास. मी पस्तीस वर्षं वर्गात उभी राहिले, खोटं मला ऐकू येतं. पण बरं वाटलं.

आता खरं काय ते ऐक.

पस्तीस वर्षं सकाळी वर्गात गेल्यावर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख मीच लिहायची. एकतीस ऑक्टोबरला एकतीस ऑक्टोबर लिहायची. घरी येऊन वह्या तपासायची, प्रत्येक वहीवर तीच तारीख, चाळीस वेळा. तुझ्या मामांना वाटायचं, मनगटावर एक दिसली की मला एकच वाटते. इतका हुशार माणूस, पण फळ्याचा विचार त्यांच्या मनात कधी आला नाही.

पहिल्याच वर्षी मला कळलं. सकाळी ते घड्याळ मागायला आले तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते. मी काढून दिलं. नंतर दारातून पाहिलं, बाकावर बसले होते, घड्याळ बंद करून पुढ्यात ठेवलेलं. पण बसले होते. त्याआधी वर्षभर ते एका जागी बसू शकत नव्हते, जेवताना उठायचे, बाहेर निघून जायचे. मला वाटलं, या माणसाला या दिवसापुरतं एक काम सापडलंय, ते आपण काढून घ्यायचं नाही. म्हणून दरवर्षी विचारलं, "झालं का तेल?" आणि त्यांनी दरवर्षी सांगितलं, "झालं." ते मला जपत होते आणि मी त्यांना. तिचं नाव मात्र दोघांनीही गिळलं.

मग यंदा का असं केलं, असं तू विचारशील. गेल्या वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी चावी आत ढकलायची होती आणि त्यांच्या हाताला ते जमेना. बोटं घसरत होती. सात वाजले, सव्वासात झाले. मी भिंतीआड उभी होते. जाऊन ढकलून द्यावी तर मला माहीत आहे हे कळलं असतं. साडेसातला कशीबशी ढकलली. घड्याळ अर्धा तास मागे पडलेलं, ते त्यांनी माझ्या हातात बांधलं आणि म्हणाले, "तेल जरा घट्ट झालंय." मी आत जाऊन नळ सोडून रडले.

आणि मग तुझं पत्र आलं. मी ते दोन दिवस उशीखाली ठेवलं. आमच्या दोघांच्या हातात असे किती ऑक्टोबर राहिलेत? एकदा तरी त्या दिवसापुढे दोघांनी मिळून बसावं, असं मला वाटलं. त्यांच्याशी बोलायला मला तोंड नव्हतं, तू ते काम केलंस. दोष असेल तर माझा आहे. हे मी त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, फळ्याचंसुद्धा.

त्या दिवशी ते माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडले. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. दुपारी मी तिचं नाव घेतलं. त्यांनी घेतलं. मग आम्ही तिच्याबद्दल बोलत बसलो, चहा करायचा राहून गेला. तिला एकतीसपर्यंतच आकडे यायचे, हे मी विसरले होते, त्यांना आठवत होतं. या घड्याळाची पहिली तबकडी ते घासायला घ्यायचे तेव्हा ती मांडीवर बसून आकडे म्हणायची, आणि तबकडीवर तेवढेच होते. एकतीसनंतर काय, असं विचारलं की म्हणायची, "परत एक!"

तेव्हापासून कमी बोलतात. तुझ्यावरचा राग उतरेल. तू आपणहून येऊ नकोस, ते बोलावतील.

मामी

१५ फेब्रुवारी

चि. भाचेबुवांस,

अक्षर लागत नसेल तर भिंग लाव.

मामीच्या शिवणाच्या डब्यात बटणांच्या तळाशी वाराचं चाक सापडलं. मी ते फेकलं होतं असं मला पंचेचाळीस वर्षं वाटत होतं. तिने कधी उचललं, सांगत नाही.

आता घड्याळ बंद ठेवायचं नाही, तर वार असायला काय हरकत आहे? मार्चमध्ये ये आणि बसवून दे. खिडकीमागचा पत्रा काढावा लागेल, तो मीच फार घट्ट ठोकलाय. मी शेजारी बसेन आणि तू चुकलास की बोलेन.

नव्या चकतीवर ऑक्टोबर कसा केलास तेही बघायचंय.

पाणी न पिता जाणार होतास म्हणे. जेवूनच जा.

मामा

५ सप्टेंबर

चि. भाच्यास,

अनेक आशीर्वाद.

मामा गेले तेव्हा तू आठ दिवस राहिलास. त्यांचा बाक आवरलास, हत्यारांना तेलाचं फडकं लावून ठेवलंस. तेव्हा मी तुझ्याशी धड बोलले नाही. आता जरा लिहायला बसलेय.

या टपालाने घड्याळ पाठवतेय. तीच डबी, तोच कापूस. बिघडलेलं नाही. मी रोज सकाळी सातला चावी देते. वार बरोबर, तारीख बरोबर. मार्चमध्ये तुम्ही दोघांनी चाक बसवलंत त्या दुपारी ते तुझ्यावर किती ओरडत होते आणि किती खुशीत होते, ते मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

आता एक मागते. नवी चकती काढ आणि त्यांची जुनी परत बसव. वाराचं चाकही काढ आणि मला पाठवून दे, मी बटणांत ठेवीन. खिडकीमागे पत्रा लाव.

तू म्हणशील, मामी, तूच तर एकतीस तारीख आणायला लावलीस. हो, लावली. तेव्हा ते शेजारी होते. दोघांनी बसायचं म्हणून मी ते धाडस केलं. एकटीने त्या दिवसापुढे बसायचं बळ माझ्यात नाही रे. सगळ्यांना वाटतं मी खंबीर आहे. मी नाही.

आणि दुसरं असं की त्या चार खाचा त्यांनी माझ्यासाठी पाडल्या आहेत. थरथरत्या हाताने पाडल्या आहेत. त्या पुडीत पडून राहू नयेत, माझ्या मनगटावर असाव्यात. कडा घासू नकोस. जशा आहेत तशाच राहू देत.

एकतीसला काय करायचं ते मला येतं, इतकी वर्षं दारातून बघितलंय. सकाळी सातला घड्याळ काढीन, चावी ओढीन आणि त्यांच्या बाकावर बसेन. गिऱ्हाईक आता कोणी येत नाही, परत पाठवायचा प्रश्न नाही. दुसऱ्या दिवशी सातला चावी आत ढकलीन. माझी बोटं अजून चांगली आहेत. कोणी विचारलं तर सांगेन, तेल देत होते.

पंचवीस ऑक्टोबरच्या आत पाठव. सव्वीस चालणार नाही.

मामी